खिशात मावणारी सोनोग्राफी खोलीतच का अडकली?

आजचा भाग हॉस्पिटलपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो न्हावा शेवाच्या समुद्रातून.

घारापुरीला लाँचने गेला असाल तर पलीकडच्या किनाऱ्यावर त्या उंचच उंच क्रेन दिसल्या असतील. तेच आपलं जेएनपीटी, २६ मे १९८९ ला सुरू झालेलं. (त्याच्या जमिनीसाठी जानेवारी १९८४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले. त्यावर एक अख्खा भाग करायचाय, आज फक्त आठवण.) तर या बंदरात मोठं जहाज यायचं तर पाण्याची खोली माहीत हवी. सर्वेक्षणाची बोट तळाकडे आवाज सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. म्हणजे १५ मीटर खोल तळावरून तो परत येतो सेकंदाच्या दोन शतांश भागात.

आता गंमत बघा. आपल्या शरीरात आवाजाचा वेग धरतात सेकंदाला १,५४० मीटर. जवळपास तोच! कारण आपण बरेचसे पाणीच आहोत. समुद्राचा तळ शोधणारी युक्ती पोटात चालते ती म्हणूनच.

ही युक्ती आली युद्धातून. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, तेव्हा पॉल लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या स्फटिकांमधून पाण्याखाली उच्च कंपनांचा आवाज सोडून प्रतिध्वनी पकडायला सुरुवात केली. पुढे त्याचंच झालं सोनार. (दागिने घडवणारा नव्हे हं.) मग कारखान्यांनी हेच तंत्र लोखंडातली भेग शोधायला घेतलं. आणि १९५५ च्या जुलैत ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड एका बॉयलरच्या कारखान्यात जाऊन धडकले. सोबत गाड्यांच्या डिकीत काय? ऑपरेशन करून काढलेल्या गाठी! तुलनेसाठी कारखान्याने त्यांना मांसाचा एक मोठा तुकडा आणून दिला. भेगा शोधणाऱ्या मशीनवर गाठी ठेवल्या, आणि भरीव गाठ कुठली, पाण्याची कुठली, ते वेगवेगळं दिसलं.

त्यानंतरची एक केस तर सिनेमात शोभावी अशी. एका बाईला पोटाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे असं सांगितलेलं होतं. डोनाल्डनी तिच्या पोटावर मशीन लावलं, तर आत दिसली अंडाशयाची पाण्याने भरलेली प्रचंड गाठ. ऑपरेशन झालं, बाई वाचली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि सोनोग्राफीचं युग सुरू झालं.

पण मशीन होतं अवाढव्य. त्याला वेगळी खोली लागायची, वेगळा तज्ज्ञ लागायचा, आणि पेशंटने त्या खोलीपर्यंत जायचं. गरोदर बाईला ते जमतं. अपघातातल्या माणसाला?

इथे जरा थांबून समजून घेऊ. करळ फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरने बाईकवाल्याला उडवलं असं धरा. अंगावर फारशी जखम नाही, पण चेहरा पांढराफटक, नाडी भराभर चाललेली. प्लीहा फाटली असेल तर रक्त बाहेर येत नाही, पोटात साचत जातं. वरून हात लावून ते कळेलच असं नाही. १९६० च्या दशकापासून यावर उपाय होता तो असा: बेंबीखाली छोटी चीर द्यायची, आत नळी घालून सलाईन सोडायचं, परत काढायचं आणि लाल आलं का बघायचं. सीटी स्कॅन आला खरा, पण बीपी कोसळत असलेल्या माणसाला सीटीच्या खोलीत नेणं म्हणजे जुगारच.

जर्मनी आणि जपानमधल्या सर्जननी इथे वेगळा विचार केला. सोनोग्राफी मशीनच ढकलत पेशंटच्या खाटेपाशी आणायचं, आणि ते रेडिओलॉजिस्टने नाही, समोर उभ्या डॉक्टरनेच चालवायचं! अख्खं पोट तपासायचंच नाही. चार ठिकाणी बघायचं: उजवीकडे लिव्हर आणि किडनीच्या मधे, डावीकडे प्लीहेपाशी, खाली ओटीपोटात, आणि हृदयाभोवती. प्रश्न एकच, काळं दिसतंय का? साचलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं. दोन-तीन मिनिटांचं काम. अमेरिकेत १९९० च्या दशकात ग्रेस रोझिकी या सर्जन बाईंनी हे रुजवलं आणि त्याला ‘फास्ट’ हे नाव चिकटलं.

फुप्फुसाचं मात्र सगळे म्हणायचे, तिथे सोनोग्राफी चालणारच नाही, कारण हवेतून हा आवाज पुढे जात नाही. पॅरिसजवळच्या आयसीयूत डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांनी उलट डोकं चालवलं. पडद्यावर जो ‘कचरा’ दिसतो, तोच वाचायचा. २००८ मध्ये त्यांनी दम लागलेल्या २६० पेशंटचा अभ्यास छापला, त्यात सुमारे ९० टक्के वेळा खाटेपाशीच कारण ओळखता आलं होतं.

मशीनही लहान होत गेलं. अमेरिकन लष्कराला रणांगणावर नेता येईल असं मशीन हवं होतं. त्यांच्या पैशातून सुरू झालेल्या कामातून १९९९ मध्ये सोनोसाइट १८० आलं, अडीच किलोच्या आतलं. २०१७ मध्ये तर फोनला जोडायचा बटरफ्लाय प्रोब मंजूर झाला. हो, तुमच्या हातात आत्ता आहे तसल्या फोनला!

मग तो आपल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत, प्रत्येक अँब्युलन्समध्ये का नाही? पैसा हे एक कारण. दुसऱ्यासाठी आपल्याला खाडीपलीकडे जायला हवं. मुंबईत, १९८० च्या दशकात.

तेव्हा गर्भजल काढून मुलगा की मुलगी हे सांगण्याचा धंदा मुंबईत उघड चालायचा. आत्ता थोडे पैसे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागायच्या. शहरातल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, तर त्यातले ४२ जण ही तपासणी करत होते. १९८५ मध्ये मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले, त्यांनी मंच उभा केला, मोर्चे काढले. त्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ चा.

पण तोवर गर्भजलाची सुई मागे पडली होती. सोनोग्राफीला सुई लागत नाही, दुखत नाही, आणि पुरावा राहत नाही. खोलीत गेलात, डॉक्टर हसला किंवा गप्प बसला, झालं काम. २००० मध्ये सेहत, पुण्याची मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले, त्यांचं म्हणणं, कायदा आहे पण कोणी राबवत नाही. कोर्टाने सरकारला कामाला लावलं आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. आकडे मात्र घसरतच होते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४.

कोल्हापुरात तेव्हाचे कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनलाच ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावला, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद राहणार. रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली. २०११ मध्ये कोर्टाने कलेक्टरच्या बाजूने निकाल दिला. (हेच देशमुख पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.)

आता या सगळ्यात अडीच किलोचं मशीन टाकून बघा. डिकीत मावतं, बॅटरीवर चालतं. सर्जनला ते वरदान वाटतं, पण सरकारला त्यात गावोगाव फिरणारं गर्भलिंगनिदान दिसतं. आणि ती भीती खोटी नव्हती. २०१२ मध्ये नियम आला: पोर्टेबल मशीन दोनच प्रकारे वापरता येईल. एक, ज्या जागेच्या नावावर ते नोंदलंय तिथल्याच दाखल पेशंटसाठी. दोन, इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. विकणाऱ्या कंपनीने दर तीन महिन्यांनी सरकारला कळवायचं, मशीन कुणाला विकलं. नियम मोडला तर मशीन सील, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद.

करळ फाट्यावरचा आपला बाईकवाला या नियमात कुठे बसतो? कॅज्युअल्टीत आत्ताच स्ट्रेचरवरून आलेला माणूस ‘दाखल’ झालाय का? १०८ ची अँब्युलन्स ‘फिरतं वैद्यकीय पथक’ आहे का? ती २०१४ पासून महाराष्ट्रभर धावतेय. २०१२ चा नियम लिहिताना डोळ्यासमोर कोण होतं ते स्पष्ट आहे. पोटातली मुलगी होती. पोटात रक्त साचलेला पुरुष नव्हता.

मला विचाराल तर तो कायदा हवाच होता, आणि आजही हवा. ‘डॉक्टरांना मोकळं सोडा’ म्हणणाऱ्यांनी १९८६ च्या ५० पैकी ४२ आठवावेत. पण आणीबाणीतल्या वापरासाठी वेगळी, स्पष्ट वाट नसणं हे मला पटत नाही. मशीनमधली प्रत्येक तपासणी साठवून ठेवणं आज कोल्हापूरच्या त्या दिवसांपेक्षा कितीतरी सोपं आहे. फोनला जोडलेला प्रोब तर आपोआप नोंद ठेवू शकतो. पाळतच ठेवायची तर वापरावर ठेवा ना, मशीन एका जागेला बांधून का?

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. न्हावा शेवाकडून शिवडी आता २१.८ किलोमीटर, आणि शिवडी उतरलं की परळचं केईएम जवळच. उरणच्या गंभीर पेशंटला बऱ्याचदा पनवेल, नवी मुंबई किंवा थेट मुंबईला न्यावं लागतं. पूल ओलांडायला लागणाऱ्या मिनिटांत चारही ठिकाणी प्रोब लावून होतो. पलीकडे फोन करून सांगता येतं: पोटात रक्त आहे, थिएटर तयार ठेवा.

पुढच्या वेळी एखाद्या कॅज्युअल्टीत सोनोग्राफी मशीन दिसलं, तर वर भिंतीकडे बघा. तिथे कायद्याने लावायला लागणारी पाटी असेल, की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. आणि खाली खाटेवर बहुतेक एखादा ट्रेलरचा ड्रायव्हर असेल, पोटावर थंडगार जेल लावलेला.