उतारा: ब्राउझरमधल्या मजकुराची फाइल कशी झाली

मराठीत ‘उतारा’ म्हणजे मूळ नोंदीची हाती आलेली नक्कल. दप्तरातला गाव नमुना सात आणि बारा कागदावर उतरला की त्याचा सातबारा उतारा होतो. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात काय किंवा राज्यातल्या इतर कुठल्या गावात काय, तो पूर्वी तलाठ्याच्या हातचा असे. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सुरुवात झाली आणि शेतकरी तो ब्राउझरमधून उतरवून घेऊ लागले. ‘डाउनलोड’साठी लोकांनी ‘उतरवून घेणे’ हाच शब्द वापरला, तो अगदी नेमका आहे.

सातबाऱ्याची ही फाइल सर्व्हरवर तयार होऊन येते. ब्राउझरच्या पानातच टाइप केलेला किंवा पानातल्या कोडने जुळवलेला मजकूर आपल्या संगणकावर फाइल म्हणून ठेवणे ही मात्र वेगळी गोष्ट. ती साधायला १९९५ पासून सोळा वर्षे लागली.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या पानात चालणाऱ्या कोडच्या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. पानातल्या या कोडला वापरणाऱ्याच्या डिस्कवर लिहिण्याची मुभा नव्हती आणि ती जाणूनबुजून दिलेली नव्हती. ब्राउझरमध्ये कुठलेही अनोळखी पान उघडते. त्याला डिस्क मोकळी केली तर घरातली कागदपत्रे त्याच्या हवाली होतील. ओसरीवर आलेल्याला पाणी द्यावे, कणगीपर्यंत जाऊ देऊ नये, असा तो नियम. पुढे अडचणी कितीही आल्या तरी हा नियम योग्यच होता.

मग आडवाटा निघाल्या. पहिली वाट सर्व्हरची: पानातला मजकूर सर्व्हरकडे पाठवायचा आणि सर्व्हरने तोच ‘ही जोडफाइल आहे’ अशी खूण लावून परत धाडायचा. स्वतःच्याच मजकुरासाठी दोन खेपा, त्याही मंद जोडणीवरून. १९९८ साली आरएफसी २३९७ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने ‘डेटा यूआरएल’ मान्य केले. मजकूर पत्त्यातच भरता येऊ लागला. पण फाइलीला नाव देण्याची सोय त्यात नव्हती आणि देवनागरीला तर ही पद्धत फार महाग पडे. ‘कुंभार पिंपळगाव’ एवढा मजकूर पत्त्यात बसवायचा तर टक्क्याच्या खुणांसकट १२९ रोमन चिन्हे होतात.

इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स या जोडघटकांमार्फत थेट डिस्कवर लिहिता येई, मात्र ते धोक्याचे होते. जेरेमी रस्टन यांच्या २००४ च्या टिडलीविकीने एकाच एचटीएमएल फाइलीत पूर्ण वही बसवली. ही वही स्वतःलाच जतन करी, पण त्यासाठी ब्राउझरकडे खास परवानगी मागावी लागे. २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० मध्ये वापरणाऱ्याने बटण दाबल्यावर फाइल लिहिण्याची सोय आली. पुढे आलेल्या काही मार्गांचे बीज या अटीत आहे: माणसाने कळ दाबावी, मगच फाइल व्हावी.

मराठी लिहिणाऱ्यांची या काळातली परवड वेगळी नोंदवायला हवी. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’सारख्या जावास्क्रिप्ट साधनांमुळे रोमन कळफलकावरून ब्राउझरमध्येच देवनागरी उमटू लागली होती. ती ठेवायची कुठे? मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि ‘सेव्ह’ करायचे. अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याचा नोटपॅडचा ठरलेला संकेत तेव्हा ‘आन्सी’ होता, त्यात देवनागरी बसत नसे. त्याने दिलेला इशारा न वाचता होकार दिला की ‘कुंभार पिंपळगाव’ची फाइलीत सहा प्रश्नचिन्हे, एक मोकळी जागा आणि आणखी आठ प्रश्नचिन्हे होत. फाइल पुन्हा उघडल्यावर मूळ अक्षरे कोणत्याही उपायाने परत येत नसत. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीत यूटीएफ-८ हा देवनागरी सामावणारा संकेत नोटपॅडचा ठरलेला संकेत झाला.

सरळ वाट २०११ मध्ये मिळाली. क्रोम १४ ने दुव्याला ‘डाउनलोड’ हा गुणधर्म दिला आणि फाइलीला नाव देता येऊ लागले. त्याच वर्षी एली ग्रे यांच्या ‘फाइलसेव्हर’ने निरनिराळ्या ब्राउझरांतले फरक एका आवरणाखाली आणले. रीत आजही तीच आहे. आधी मजकुराचा ‘ब्लॉब’, म्हणजे स्मृतीतला बाइट्सचा गठ्ठा, करायचा. ब्राउझर त्याला तात्पुरता पत्ता देतो. तो पत्ता दुव्याला लावून कोडनेच दुवा दाबायचा आणि काम झाले की पत्ता रद्द करायचा. फाइल नेहमीच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडते. दुसऱ्या कशालाही कोड हात लावू शकत नाही. फायरफॉक्सने हा गुणधर्म २०१३ मध्ये घेतला, सफारीने २०१७ मध्ये.

ब्लॉबमध्ये दिलेला मजकूर नेहमी यूटीएफ-८ मध्येच साठतो. मराठीच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. काना, वेलांटी, अनुस्वार हीही वेगळी चिन्हे. ‘कुंभार पिंपळगाव’मध्ये अशी चौदा चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे ४३ बाइट्स. साध्या मजकुराच्या फाइलीला एवढे पुरते. पण गावाच्या याद्या, हिशेब, बियाण्यांच्या नोंदी अशी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की बहुधा प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे दिसतात, कारण फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे एक्सेलला कळत नाही. त्यावर उपाय छोटा आहे. फाइलीच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ या तीन बाइट्सची खूण ठेवायची. मग फाइल ४६ बाइट्सची होते आणि गावाचे नाव नीट वाचता येते. मराठी याद्या उतरवून देणाऱ्या प्रत्येक साधनात ही खूण असायलाच हवी.

ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोम ८६ ने एक पाऊल पुढे टाकले. वापरणाऱ्याने स्वतः फाइल निवडली आणि परवानगी दिली की पान त्याच फाइलीत पुन्हा पुन्हा लिहू शकते. दरवेळी नवी नक्कल उतरत नाही. फ्लॅशचा आधार त्याच वर्षी ३१ डिसेंबरला संपला. निवडलेल्या फाइलीत थेट लिहिण्याची ही मुभा फायरफॉक्स आणि सफारी यांनी सुरक्षेच्या कारणावरून दिलेली नाही. त्यामुळे सगळ्या ब्राउझरांत चालणारा मार्ग आजही २०११ चाच आहे: ब्लॉब, तात्पुरता पत्ता आणि नाव लावलेला दुवा.