'दुविधा' ते 'पहेली' : एका कथेचे तीन कथनकार

साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की आपल्याकडील चर्चेला एक ठरलेले वळण लागते. दिग्दर्शकाने मूळ कृतीला न्याय दिला की नाही, काय गाळले, काय पदरचे घातले, याचा हिशेब मांडला जातो. या हिशेबामागे एक गृहीतक असते : मूळ कृती स्थिर आहे, तिचा एकच पाठ आहे आणि चित्रपट हा त्या पाठाचा ऋणको आहे. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांच्या कथांवरील चित्रपटांचा इतिहास पाहू लागलो की हे गृहीतक टिकत नाही, कारण तेथे 'मूळ' म्हणून जे हाती येते तेच मुळी एक रूपांतर असते.

देथा (१९२६-२०१३) हे जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या गावचे. १९६० मध्ये कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी तेथे रूपायन संस्थान उभे केले. गावातील माणसांच्या तोंडून ऐकलेल्या कथा त्यांनी राजस्थानीत लिहिल्या आणि 'बातां री फुलवाडी' या नावाने त्यांचे चौदा खंड सिद्ध झाले. १९७४ साली राजस्थानी भाषेसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. सरोजिनी बाबर यांनी संपादिलेल्या लोकसाहित्यमालेची पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्या मराठी वाचकांना या कामाचा एक भाग ओळखीचा वाटेल. तथापि देथा हे केवळ संकलक नव्हते. कथेचा सांगाडा ते लोकांकडून घेत. त्यात मन घालण्याचे काम मात्र लेखक म्हणून स्वतः करीत.

'दुविधा' ही कथा याचे उत्तम उदाहरण होय. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करून वधूसह गावी परततो. वाटेवरच्या झाडावर राहणारे भूत त्या वधूवर मोहित होते. नवऱ्याचे मन जमाखर्चात गुंतलेले. लग्नाला चार दिवस होतात न होतात तोच तो मुहूर्त साधून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरात शिरते. बापाला रोज सोन्याच्या मोहरा मिळू लागतात, तेव्हा त्याच्या शंका मिटतात. वधूला मात्र भूत फसवीत नाही. आपण कोण आहोत हे ते तिला सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. ती त्याचा स्वीकार करते. पुढे तिला मुलगी होते, खरा नवरा परततो आणि एकाच चेहऱ्याची दोन माणसे न्यायासाठी राजाकडे निघतात. वाटेत एक मेंढपाळ त्यांची परीक्षा घेतो. माणसाला अशक्य असलेली गोष्ट करून दाखवण्याच्या भरात भूत चामड्याच्या पखालीत शिरते आणि कायमचे कोंडले जाते.

तोतया भूत आणि त्याला भांड्यात किंवा बाटलीत उतरवणारा चतुर गुराखी ही लोककथांतील जुनी जोडी. अशा कथेत श्रोत्यांची दाद जाते ती गुराख्याच्या बुद्धीला. खोटा पकडला गेला, खऱ्याला बायको मिळाली, कथा संपली. देथांनी घटनाक्रम तोच ठेवला आणि कथेचा मध्यबिंदू हलवला. त्यांच्या कथेत आपण न्यायनिवाड्याकडे वधूच्या बाजूने पाहतो. तिला जन्मात प्रथमच कोणी विचारले होते, आणि ते विचारणारे माणूस नव्हते. आता निवाडा होत असताना तिला कोणीही विचारीत नाही. 'खरा नवरा कोण?' हा सर्वांचा प्रश्न आहे. 'तुला कोण हवा?' हा प्रश्न कोणालाच सुचत नाही. शीर्षकातील दुविधा ती हीच. मेंढपाळाच्या चातुर्याने तंटा मिटतो, तिची दुविधा मिटत नाही.

मणी कौल यांनी १९७३ मध्ये या कथेवर 'दुविधा' हा चित्रपट केला. चित्रीकरण बोरुंद्यातच झाले. नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचे छायाचित्रण आणि रवी मेनन व राइसा पदमसी यांच्या प्रमुख भूमिका लाभलेल्या या चित्रपटासाठी कौल यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे संवाद अत्यल्प आहेत. निवेदकाचा आवाज कथा सांगतो, पात्रांचे बोलणेही बहुधा चित्राबाहेरून ऐकू येते, आणि मध्येच चित्र गोठते. ही शैली दुर्बोध आहे अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे. आमच्या मते ती कथेच्या आशयातूनच आली आहे. जिच्या मनाचा थांग लागू देण्याची सोय तिच्या जगात नाही, तिच्या चेहऱ्यावर कौल सुलभ भावदर्शन लादत नाहीत. आवाज एकीकडे, चेहरा दुसरीकडे, अशी फारकत करून ते प्रेक्षकालाच दुविधेत ठेवतात. शिवाय सांगणाऱ्याचा आवाज कायम राखल्यामुळे ही ऐकलेली गोष्ट आहे, याचा विसर पडत नाही.

१९७५ मध्ये देथांची दुसरी एक कथा हबीब तनवीर यांच्या 'चरणदास चोर' या नाटकातून गाजली आणि श्याम बेनेगल यांनी त्याच वर्षी बालचित्र समितीसाठी तिच्यावर चित्रपट केला. तनवीरांनी राजस्थानची कथा छत्तीसगढी बोलीत आणि तेथील नटांच्या देहबोलीत आणली, सतनामी पंथाची गाणी तिच्यात विणली. विनोद, गाणी, नाच असे सारे असूनही, खोटे न बोलण्याचे व्रत पाळणाऱ्या चोराचा मृत्यू त्यांनी टाळला नाही. लोकाभिमुख रूपांतराला कटू शेवट पेलतो, याचा हा पुरावा पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये 'दुविधा'ची कथा पुन्हा हाती घेतली. 'बनगरवाडी' (१९९५) आणि जी. एं.च्या कथेवरील 'कैरी' (२०००) करणारा हा दिग्दर्शक साहित्याला नवखा नव्हता. संध्या गोखले यांचे लेखन, शाहरुख खान व राणी मुखर्जी हे तारे, गोष्ट सांगणाऱ्या दोन कठपुतळ्या, उंटांची शर्यत, रंगांची उधळण असा हा थाट होता. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून याच चित्रपटाची निवड झाली. शेवट मात्र बदलला : पखालीत कोंडलेले भूत नवऱ्याच्या देहात शिरते आणि नायिकेला तिचा प्रियकर परत मिळतो.

या बदलाला मूळ कथेशी केलेला द्रोह म्हणून निकालात काढणे आम्हांला योग्य वाटत नाही. देथांनीही ऐकलेली गोष्ट बदललीच होती. कथनकार आपल्या श्रोत्यांकडे पाहून शेवट फिरवतो, हा लोकपरंपरेचा मान्य व्यवहार आहे. शिवाय विवाहित स्त्रीने पतीहून वेगळ्या कोणाची इच्छा धरावी आणि तिला शिक्षा न होता ती इच्छा पुरी व्हावी, ही गोष्ट आपल्या व्यावसायिक पडद्यावर क्षुल्लक नव्हे.

पण किंमत कोणती मोजली, हेही पाहिले पाहिजे. चित्रपटाचे नावच ते सांगते. 'पहेली' म्हणजे कोडे, आणि कोडे सुटण्यासाठीच असते. दुविधा सुटत नाही, ती वाट्याला येते. प्रियकर नवऱ्याच्या देहात आला की स्त्रीची इच्छा आणि समाजाचा कायदा यांतील भांडण संपते. तिला घर सोडावे लागत नाही, घराला तिला काही विचारावे लागत नाही. देथांनी उभा केलेला प्रश्न न विचारताच त्याचे उत्तर हाती ठेवले जाते. आणि प्रेक्षकांसाठी हे अपरिहार्य होते असे म्हणावे, तर 'चरणदास चोर' समोर उभा राहतो.

ही परंपरा येथे थांबलेली नाही. २०२० मध्ये पुष्पेंद्र सिंह यांनी देथांची एक कथा थेट काश्मीरमधील पशुपालकांच्या जगात नेली आणि तिला लल्लेश्वरीच्या काव्याची जोड दिली. प्रदेश बदलला, भाषा बदलली, तरी केंद्रस्थानी आपल्या मनाचा हक्क मागणारी स्त्रीच राहिली.

म्हणून रूपांतराच्या अभ्यासात 'मूळ'शी निष्ठा हा निकष किमान देथांपुरता तरी बाजूला ठेवावा, असे आम्ही सुचवू. प्रत्येक कथनकाराला एवढेच विचारावे : गोष्ट सांगताना तू कोणाला प्रश्न विचारलास, आणि कोणाला विचारायचे टाळलेस? देथांनी वधूला विचारले. कौल यांनी तिचे मौन जपले. पालेकरांनी तिला सुख दिले. या तिन्हींत सर्वांत मायाळू कथन शेवटचे आहे, आणि तिच्या बाजूने सर्वांत कमी बोलणारेही तेच आहे.