मरणाचा दाखला मिळतो, कारण मिळत नाही

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातले एक तडवी गृहस्थ एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा आश्रमशाळेत राहून शिकायचा. ताप आला, शाळेने दवाखान्यात नेलं, तिथेच तो वारला. "सर, वाचून सांगा, तो कशानं गेला ते यात लिहिलंय का?" मी कागद दोनदा वाचला. नाव, तारीख, ठिकाण, आई-वडिलांची नावं, नोंदणी क्रमांक. कारणाचा रकानाच नव्हता. मला वाटलं, कारकुनाची चूक असेल. नंतर कळलं, कायदाच तसा आहे.

इंग्रजांच्या 1886 च्या कायद्यात जन्म-मृत्यूची नोंद ऐच्छिक होती. 1969 च्या कायद्याने ती सक्तीची केली. घरात मृत्यू झाला तर खबर घरच्यांनी द्यायची. दवाखान्यात झाला तर वैद्यकीय अधिकाऱ्याने, वसतिगृहात झाला तर तिथल्या प्रमुखाने. नोंदीचा मोफत उतारा खबर देणाऱ्याला मिळायचा, म्हणजे संस्थेत वारलेल्या मुलाचा पहिला कागद संस्थेच्या हातात. बाप नंतर कलम 17 खाली उतारा मागू शकतो, पण त्याच कलमात अट आहे: उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. रजिस्टरमध्ये कारण असतं, बापाच्या कागदावर नसतं.

हा प्रश्न खान्देशात घरोघरी पोचतो. यावल आणि धुळे इथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर भागात तडवी भिल्ल राहतात. ते आदिवासीही आहेत आणि मुसलमानही. 2016 मध्ये आश्रमशाळांतल्या मृत्यूंवरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. राज्यपालांनी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आकड्यांवर चर्चा झाली. पण एकेका आई-बापाला आपल्या मुलाची फाइल मागायचा हक्क आहे का, हा प्रश्न मागेच राहिला.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने याच प्रश्नावर कायदा केला. तिथल्या आदिवासींची मुलं उपचारासाठी दूरच्या दवाखान्यांत नेली जायची. काही परत आलीच नाहीत आणि घरच्यांना कारण किंवा कबरीचा पत्ताही मिळाला नाही. फाइल मागायला गेलं की खासगी माहितीचा नियम आडवा यायचा. 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झालेल्या कायद्याने त्या नियमाला अपवाद केला: संस्थेने कुटुंबाला माहिती द्यायची आणि सरकारने शोधायला मदत करायची.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, पण वाटा आहेत. 1969 च्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. आता दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमावलीनुसार उपचाराचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात, पण ते तीन वर्षंच जपायचं बंधन आहे. म्हणून उशीर करू नका. शासकीय शाळेचं हजेरीपुस्तक, आजारपणाची नोंद, दवाखान्यात कधी नेलं, हे माहिती अधिकारात मागता येतं. उत्तराची मुदत 30 दिवस. खोलीतच, डॉक्टरने न पाहता मूल गेलं तर मात्र पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हाच आधार उरतो.

आता आपल्याबद्दल. आपण दफन लवकर करतो, आणि ते बरोबरच आहे. पण "अल्लाहची मर्जी" म्हणून कागदही मागत नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत सूरह बकराची 282 वी. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. उधारीची नोंद हवी, तर लेकराच्या मरणाची नको का? सबर करणं आणि विचारणं यांत भांडण नाही.

त्या बापाला त्या दिवशी मी यातलं काहीच सांगू शकलो नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवलं. आश्रमशाळेत, वसतिगृहात किंवा मदरशात मूल ठेवलेल्या घरी हे वाचून दाखवा.