आपत्कालीन सज्जता, विद्यापीठ विभागाची

आपत्कालीन सज्जता, विद्यापीठ विभागाची : आग, पूर, भूकंप, रासायनिक गळती, संगणकीय बिघाड किंवा साथ ओढवल्यास विभागातील माणसे सुरक्षित राहावीत, पुन्हा न मिळणारे साहित्य वाचावे आणि अध्यापन-संशोधन लवकर सुरू व्हावे, यासाठी आधीच करून ठेवलेली लेखी व्यवस्था. प्रत्यक्षात ती बहुधा जिन्याजवळचा नकाशा, भिंतीवरची लाल नळकांडी आणि दूरध्वनी क्रमांकांचा तक्ता एवढ्यावर थांबते. या गोष्टी हव्यातच. पण विद्यापीठांतील गाजलेल्या दुर्घटनांचे तपशील वाचले, तर अडचण वेगळ्याच ठिकाणी दिसते. विभागात काय आहे, ते कुठे आहे आणि आज त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे सांगणारे वेळेवर कोणी नव्हते. या तीन प्रश्नांची उत्तरे विभागाबाहेरचा माणूस देऊ शकत नाही. विद्यापीठाची एक सामायिक योजना असली तरी प्रत्येक विभागाची स्वतंत्र योजना लागते ती याच कारणाने.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले गॅमा किरणन यंत्र होते. 1985 पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते जुन्या सामानाबरोबर लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले. तेथे शिशाचे कवच फोडून आतला धातू सुटा करण्यात आला. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सारी स्रोत वापरण्याची विद्यापीठाची परवानगी स्थगित केली. कोबाल्ट-60 चा अर्धायुकाल सुमारे 5.27 वर्षे आहे. म्हणजे 25 वर्षांत त्याची तीव्रता जवळजवळ सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते. तेवढी उरलेली तीव्रताही जीवघेणी ठरली. यात आग नव्हती, पूर नव्हता, धोक्याची घंटा वाजण्याजोगे काहीच नव्हते. निर्लेखनाची नेहमीची कार्यालयीन प्रक्रिया हीच आपत्ती ठरली. विभागांत जुन्या सामानाची डेडस्टॉक नोंदवही असतेच. पण तीत वस्तूचे नाव, किंमत आणि खरेदीचे वर्ष असते, धोक्याचा रकाना नसतो. तो एक रकाना वाढवणे आणि तो भरलेला असल्याशिवाय निर्लेखनाच्या कागदावर कोणाचीही सही न होणे, हे सज्जतेचे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक पाऊल आहे.

नोंद असली म्हणजे भागले, असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रसायनशास्त्र प्रयोगशाळेत 29 डिसेंबर 2008 रोजी हवेचा स्पर्श होताच पेट घेणारे एक लिथियम संयुग सिरिंजमधून सांडले. काम करणाऱ्या 23 वर्षांच्या संशोधन सहायिकेच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. आपत्कालीन शॉवरखाली नेण्याऐवजी सहकाऱ्याने कोटाने ज्वाळा विझवण्याचा प्रयत्न केला. 18 दिवसांनी तिचा मृत्यू झाला. त्याआधी, ऑक्टोबरमध्येच, झालेल्या तपासणीत याच प्रयोगशाळेत कोट न घालता काम चालत असल्याचा शेरा मारला गेला होता. शेरा होता, शॉवर होता; शेऱ्यातली त्रुटी अमुक तारखेपर्यंत दूर करून घेणारा माणूस नव्हता. म्हणून नोंदीपुढे नाव लागते. ‘समिती’ असे लिहिलेली जबाबदारी कोणाचीच नसते. आणि शॉवरपर्यंत पाय आपसूक वळावेत यासाठी तो दाखवून भागत नाही. त्याखाली उभे राहण्याचा सराव करून घ्यावा लागतो.

माणसांखालोखाल प्रश्न येतो पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींचा. जून 2001 मध्ये ॲलिसन वादळाच्या पुरात ह्यूस्टनच्या वैद्यकीय संस्थांच्या तळघरांतील हजारो प्रयोगप्राणी मेले. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात हेच घडले. तेही तळघरातच. डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर राखीव प्रती घेणाऱ्या प्रणालीतील दोषामुळे सुमारे 77 टेराबाइट माहिती पुसली गेली आणि 14 संशोधन गटांना फटका बसला. राखीव प्रत असल्याच्या समाधानात ती उघडून पाहण्याचे राहून जाते. याउलट, एप्रिल 2021 मध्ये टेबल माउंटनच्या वणव्यात केप टाउन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयाचे वाचनदालन जळाले, आफ्रिकाविषयक मुद्रित संग्रहाचा मोठा भाग गेला. पण अग्निरोधक झडपा आपोआप बंद झाल्याने तळघरातला बराचसा संग्रह आगीतून वाचला. मग आग विझवताना साचलेल्या पाण्यातून तो बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. अशा वेळी आधी कोणते कपाट रिकामे करायचे हे अग्निशमन दलाचा जवान ठरवू शकत नाही. तो क्रम विभागानेच आधी लिहून ठेवायचा असतो. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई विद्यापीठाचे कलिना येथील संकुल त्याच परिसरात आहे. अशा ठिकाणी उत्तरपत्रिका, हस्तलिखिते किंवा उणे 80 अंशांचा फ्रीझर तळमजल्यावर ठेवणे हाही एक निर्णयच असतो, कोणी जाणूनबुजून घेतलेला नसला तरी.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 ने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा प्राधिकरणे निर्माण केली आहेत. मग विभागावर हा बोजा कशाला? कारण जिल्ह्याच्या योजनेला इमारत दिसते, इमारतीतले कपाट दिसत नाही. दुसरा, रिक्त पदांमुळे शिकवायलाच माणसे पुरत नाहीत, तिथे आणखी एक फाइल म्हणजे नुसती कागदी घोडदौड. हा आक्षेप निम्मा खरा आहे. शंभर पानी योजना कोणी वाचत नाही. म्हणून विभागाची योजना दोन-चार पानांचीच हवी, आणि ती लिहिताना प्रयोगशाळा परिचर व शिपाई यांना बसवून घ्यावे. मेन स्विच कुठला, कोणती किल्ली कोणाकडे, गॅसचे सिलिंडर कुठे साखळीने बांधलेले नाहीत, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. तिसरा, धोकादायक साहित्याची यादी उघडी ठेवणे हेच धोक्याचे. खरे आहे, यादी भिंतीवर लावू नये. पण तिची एक मोहोरबंद प्रत इमारतीबाहेर, सुरक्षा कार्यालयात असावी. आतच राहिलेली यादी इमारतीबरोबर जळते.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सातत्य. बहुतेक विद्यापीठांत विभागप्रमुखपद ज्येष्ठतेनुसार ठरावीक मुदतीने फिरते. प्राध्यापक निवृत्त होतात, संशोधक विद्यार्थी प्रबंध सादर करून जातात आणि त्यांच्या बाटल्या मागे राहतात. तेव्हा योजनेच्या फेरतपासणीसाठी वेगळा दिवस शोधण्यापेक्षा ती कार्यभार हस्तांतरणाशीच जोडावी. चार्ज घेणाऱ्या विभागप्रमुखाने डेडस्टॉक नोंदवहीबरोबर धोक्याची यादीही मागावी, कपाटे उघडून ती ताडून पाहावी आणि मगच सही करावी.