ब्रिटिश म्यूझियम आणि बाहेरचे तज्ज्ञ

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, जर्मन विमानांच्या भीतीने, लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमने आपल्या संग्रहातील अनेक मौल्यवान वस्तू टपाल खात्याच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात नेऊन ठेवल्या होत्या. बाँबपासून त्या वाचल्या. परंतु १९१९ साली त्या परत आणून उघडल्या, तेव्हा वेगळाच शत्रू आढळून आला. लोखंडाला गंज चढला होता, काशाच्या मूर्तींवर हिरवे फोड उठले होते, दगडात व मातीच्या भांड्यांत मुरलेले क्षार पृष्ठभागावर येऊन फुलले होते आणि कागदांवर बुरशी धरली होती. शिलालेख वाचणारे, नाणी ओळखणारे, हस्तलिखितांचा काळ ठरविणारे विद्वान म्यूझियमच्या पदरी मुबलक होते. या रोगाचे निदान करील असा मात्र त्यांच्यात एकही नव्हता. तेव्हा सरकारच्या शास्त्रीय व औद्योगिक संशोधन खात्याकडे मदत मागण्यात आली आणि अलेक्झांडर स्कॉट या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाकडे हे काम सोपविण्यात आले.

या घटनेचे वर्णन संग्रहालयीन रसायनशास्त्राचा आरंभ म्हणून करण्याची प्रथा आहे. ते तितकेसे बरोबर नाही. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी फ्रीड्रिख राटगेन या रसायनज्ञाची नेमणूक १८८८ सालीच केली होती. शिवाय खुद्द ब्रिटिश म्यूझियमलाही बाहेरच्या शास्त्रज्ञाचा सल्ला नवा नव्हता. पार्थेनॉनच्या संगमरवरी शिल्पांवर बसलेली काजळी कशी काढावी, हा प्रश्न मायकेल फॅरडेपुढे ठेवण्यात आला होता. फॅरडेने पाणी, अल्कली, इतकेच नव्हे तर सौम्य नायट्रिक आम्लही वापरून पाहिले आणि १८५७ साली आपला निराशाजनक निष्कर्ष पत्राने कळविला : दगडाचे मूळ रूप परत आणणे आपल्याला साधले नाही. पुढच्याच वर्षी ही शिल्पे मुलतानी मातीने धुण्यात आल्याबद्दल वर्तमानपत्रांतून तक्रार उमटली. अव्वल दर्जाच्या शास्त्रज्ञाचे मत घ्यावयाचे, ते जपून ठेवावयाचे आणि काम मात्र पूर्वीप्रमाणेच चालू द्यावयाचे, ही रीत नंतरही पुन्हा दिसते, म्हणून या जुन्या प्रसंगाची येथे नोंद घेतली आहे.

स्कॉटच्या बाबतीत निराळे घडले. त्याच्यासाठी १९२० साली प्रयोगशाळा उघडण्यात आली. ती तात्पुरती होती आणि तिचा खर्च म्यूझियम नव्हे, संशोधन खाते करीत असे. वस्तूंची स्वच्छता व दुरुस्ती यांविषयीची त्याची प्रतिवृत्ते १९२१, १९२३ व १९२६ साली प्रसिद्ध झाली आणि इतर देशांतील संग्रहालयांनाही ती उपयोगी पडली. १९२४ साली हॅरल्ड प्लेंडरलीथ हा तरुण रसायनज्ञ तेथे आला; पुढे १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ या विषयाचे प्रमाणपुस्तक ठरला. १९३१ साली प्रयोगशाळा म्यूझियमच्या घटनेत सामावून घेण्यात आली. पाहुणा घरचा झाला.

परंतु घरचा झाला म्हणजे त्याचे ऐकले गेले, असे नव्हे. पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी लॉर्ड ड्युव्हीन या धनाढ्य कलाव्यापाऱ्याच्या देणगीतून नवे दालन बांधले जात होते आणि शिल्पे अधिक पांढरी दिसावीत असा त्याचा आग्रह होता. शिल्पे कशी धुवावीत हे प्रयोगशाळेने ठरवून दिलेले होते : मऊ साबण, अमोनिया व पाणी. प्रत्यक्षात १९३७ व १९३८ साली कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी व कार्बोरंडमने दगड खरवडला. सप्टेंबर १९३८ मध्ये संचालक जॉन फोर्सडाइक यांच्या नजरेस ती हत्यारे पडली, तेव्हा काम थांबले. शतकानुशतके जमलेली पृष्ठभागावरील छटा तोवर कित्येक ठिकाणी निघून गेली होती. दोष कामगारांवर ढकलणे सोपे होते. पण त्यांना कोणी काय सांगितले होते, आणि वर्षभराहून अधिक काळ त्यांच्याकडे कोणी पाहिले कसे नाही, हा खरा प्रश्न. तज्ज्ञ याच संस्थेत बसलेला होता. देखरेखीच्या साखळीत त्याला जागा नव्हती.

हाच प्रश्न एकविसाव्या शतकात, वस्तूंच्या ऐवजी नोंदींच्या संदर्भात, पुन्हा उभा राहिला. म्यूझियमचा संग्रह सुमारे ऐंशी लाख वस्तूंचा. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वस्तूंच्या संगणकीय नोंदी लोकांसाठी खुल्या झाल्या होत्या. पण लहान कोरीव रत्ने, त्यांचे तुकडे, काचेचे ठसे यांपैकी पुष्कळसे द्रव्य नोंदीविनाच पेट्यांत पडून होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये डेन्मार्कमधील एका रत्नपारखी व्यापाऱ्याने म्यूझियमला कळविले की तेथील रत्ने इंटरनेटवर विक्रीस येत आहेत. हा बाहेरचा तज्ज्ञ कोणी शोधला नव्हता. तो आपण होऊन आला होता. जुलैमध्ये त्याला उत्तर मिळाले, संग्रह सुरक्षित आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे दोन हजार वस्तू चोरीस गेल्याचे, हरवल्याचे वा खराब झाल्याचे जाहीर करावे लागले आणि संचालकांनी राजीनामा दिला. डिसेंबरमधील स्वतंत्र चौकशीच्या निष्कर्षांनुसार सुमारे दीड हजार वस्तू गहाळ होत्या, साडेतीनशेंचे भाग काढून घेतलेले होते आणि सुमारे एकशे चाळीस वस्तूंवर हत्यारांचे व्रण होते.

येथे नोंद या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. नोंद म्हणजे वस्तूला दिलेले नाव, क्रमांक व वर्णन. ज्या वस्तूचे वर्णन कोठेच लिहिलेले नाही, ती हरवली असे तरी कोणी कशाच्या आधारावर म्हणावे? १९१९ साली स्कॉटला गंज पाहता आला, कारण वस्तू समोर होती. २०२३ साली बोलावलेल्या तज्ज्ञांपुढे वस्तूही नव्हती आणि अनेक बाबतींत शब्दही नव्हते. बाजारात सापडलेला एखादा खडा म्यूझियमचाच आहे, हे सिद्ध करणे त्यामुळे जड गेले. मग रत्नविद्या, संग्रहांचा इतिहास आणि कलावस्तूंच्या चोरीचा माग या तिन्ही क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय जाणकारांचा गट जमविण्यात आला. ज्याची सूचना बाजूस सारली होती, त्याच प्रकारच्या ज्ञानाची आता याचना करावी लागली. मे २०२४ पर्यंत ६२६ वस्तू परत मिळाल्या होत्या आणि आणखी सुमारे शंभरांचा ठावठिकाणा लागला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये म्यूझियमने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाच्या संगणकीय नोंदी पुऱ्या करण्याचा संकल्प जाहीर केला. चोवीस लाख नोंदी नव्याने चढवावयाच्या वा सुधारावयाच्या होत्या. छायाचित्रे काढणारे आणि यंत्रणा उभारणारे पैसे मोजून मिळू शकतात. बोटाच्या पेराएवढ्या खड्यावरील मुद्रा रोमन आहे की अठराव्या शतकातील नक्कल, हे पाहून वर्णनाची एक ओळ लिहू शकणारे लोक थोडे आहेत. आणि त्यांपैकी काही असे आहेत, की ज्यांचा म्यूझियमशी पत्रव्यवहारापलीकडे कसलाही संबंध नाही.