एकांच्या रांगा आणि त्यांचे अवयव

भोर आणि वेल्हे या तालुक्यांचा बराचसा मुलूख १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ज्या पंतसचिवांच्या अमलाखाली होता, त्यांच्या पदाचे विहित काम मुळात तपासणीचे होते. राजाच्या नावे निघणारी पत्रे वाचून त्यांतला कमीजास्त मजकूर दुरुस्त करावा, महालांचे व परगण्यांचे हिशेब बारकाईने पाहावेत, आणि मगच त्यांवर मान्यतेची खूण उमटावी, अशी अष्टप्रधानांच्या व्यवस्थेत सचिवाची जबाबदारी ठरलेली होती. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत शंकराजी नारायणांकडे आलेले हे पद पुढे वंशपरंपरेने चालले आणि भोर हे त्याचे ठाणे झाले. हिशेब मातब्बर असामीने पाठवलेला असो की खेड्यातल्या कुलकर्ण्याने, तपासणाऱ्यापुढे प्रश्न एकच, की आकडे जुळतात की नाही. गणितात असे एक दालन आहे, जिथे हाच न्याय आजतागायत निरपवादपणे चालत आला आहे, आणि म्हणूनच ते हौशी माणसांना कधीही बंद झाले नाही. अतिप्रचंड संख्यांचे अवयव पाडणे, हे ते दालन होय.

अकरा एक ओळीने मांडून जी संख्या होते ती कोणापुढे ठेवून तिचे अवयव मागितले, तर कागदावर हिशेब करणाऱ्याचे कित्येक दिवस सहज खर्ची पडतील. परंतु २१६४९ आणि ५१३२३९ यांचा गुणाकार करून पाहा असे सांगितले, तर शाळकरी मुलगाही घटकाभरात त्याची शहानिशा करील. शोध दुष्कर आणि पडताळा सुकर, असा हा प्रकार असल्यामुळे शोधकाची पदवी, विद्यापीठ, मानमरातब यांपैकी कशाचीच येथे चौकशी होत नाही. गुणाकार जुळला की दावा मान्य, एवढाच येथला कायदा आहे.

हा व्यासंग आपल्याकडे नवा नाही. नारायण पंडितांनी १३५६ साली रचलेल्या ‘गणितकौमुदी’त संख्यांचे भाजक शोधण्यासाठी ‘भागादान’ या नावाचा स्वतंत्र व्यवहार घातला, आणि त्यात सांगितलेली वर्गांच्या वजाबाकीची रीत पुढे युरोपात सतराव्या शतकात फर्माच्या नावाने रूढ झाली. समजा ११६१ ही संख्या आहे. तिच्याहून मोठा असा निकटचा वर्ग ३५ चा, म्हणजे १२२५. दोहोंतला फरक ६४, आणि तो स्वतः ८ चा वर्ग आहे. तेव्हा ३५ वजा ८ म्हणजे २७, आणि ३५ अधिक ८ म्हणजे ४३, हे अवयव हाती आले. आधुनिक संगणकांवरच्या चाळण-पद्धती दिसायला कितीही अवजड असल्या, तरी दोन वर्गांच्या फरकाचे हेच सूत्र त्यांच्या गाभ्याशी आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचा खरा धनी म्हणून मी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव घेतो. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवलेले कापरेकर पुढे देवळालीस शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्थेचे छत्र नाही. टिपणे लिहावीत आणि पदरच्या पैशाने पुस्तिका छापाव्यात, अशा रीतीने त्यांचे काम चालले. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची कीर्ती सर्वदूर झाली, परंतु माझ्या मते त्यांच्या प्रतिभेची जात अधिक स्पष्टपणे दिसते ती ‘डेम्लो संख्यां’त. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ज्या स्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, त्या आजच्या डोंबिवलीच्या त्या काळच्या नावावरून त्यांनी हे नामकरण केले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, सात एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७६५४३२१, असा चढत जाऊन उतरणारा हा जिना त्यांनी ‘अद्भुत’ ठरवला. आता या वर्गांचे अवयव पाडायचे म्हणजे अर्थातच मूळच्या एकांच्या रांगांचे अवयव पाडायचे.

सात एकांची रांग हाताने सोडवून पाहण्याजोगी आहे. १११११११ चे वर्गमूळ १०५४ च्या किंचित वर पडते, म्हणजे तिथवरच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहण्याची पाळी येते असे वाटते. परंतु फर्माच्या सिद्धांतावरून असे निघते की, या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला १४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. या एका अटीने उमेदवारांची गर्दी ओसरते. २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ हे सात निष्फळ ठरतात, आणि आठव्या भागाकाराला, २३९ शी, बाकी शून्य येते, भागाकार ४६४९. ज्याने हे एकदा स्वतः केले आहे, त्याला या छंदाचे वेड कसे लागते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एकांच्या याच रांगा दुसऱ्या एका वहीत आधीच नोंदल्या जात होत्या, आणि त्या वहीचाही हिंदुस्थानशी संबंध आहे. पुरातत्त्व खात्याचे संस्थापक अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे पुत्र अ‍ॅलन कनिंगहॅम १८४२ साली दिल्लीत जन्मले, लष्करात अभियंते झाले, रुडकीच्या महाविद्यालयात शिकवीत असताना गंगेच्या कालव्यावर जलप्रवाहाचे प्रयोग करीत राहिले, आणि निवृत्तीनंतर उरलेले आयुष्य त्यांनी संख्यांच्या अवयवांना वाहिले. १९२५ साली हर्बर्ट वूडॉल यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत २, ३, ५, ६, ७, १०, ११ आणि १२ यांच्या घातांत एक मिळवून किंवा वजा करून येणाऱ्या संख्यांचे अवयव दिलेले आहेत. दहाच्या घातातून एक वजा केला की नऊंची रांग, तिला नवाने भागले की एकांची! ते दप्तर आजही चालू आहे. अमेरिकेतील प्राध्यापक सॅम्युअल वॅगस्टाफ यांनी ते दीर्घकाळ सांभाळले आहे.

कापरेकर हयात असतानाच, १९८४ साली, अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने एकाहत्तर एकांची रांग क्रे महासंगणकावर सुमारे साडेनऊ तासांत फोडली आणि तीस व एकेचाळीस अंकी दोन मूळ अवयव बाहेर काढले. जगातल्या मोजक्याच संस्थांना परवडणारे ते यंत्र होते. आज तेच काम घरच्या साध्या संगणकावर काही मिनिटांत उरकते.

या स्थित्यंतराचा आरंभ एका आव्हानातून झाला. ज्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात मार्च १९७५ मध्ये कापरेकरांची ओळख जगाला करून दिली, त्यांनीच त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये एक १२९ अंकी संख्या छापली आणि तिचे अवयव काढून तिच्यात दडवलेला गुप्त संदेश वाचणाऱ्यास १०० डॉलर देऊ केले. कोट्यवधी वर्षांचे काम म्हणून वर्णिलेला तो गड १९९४ च्या एप्रिलमध्ये सर झाला. त्याला सुमारे ६०० स्वयंसेवक आणि १६०० यंत्रे लागली, त्यांत दोन फॅक्स यंत्रेही होती. प्रत्येकाने आपल्या वाट्याची चाळण आठ महिने थोडी थोडी करून पाठवली आणि अखेरचे समीकरण एका मोठ्या यंत्रावर सुटले. १९९९ साली १५५ अंकी संख्येला सुमारे ३०० संगणक आणि शेवटच्या टप्प्यासाठी एक क्रे लागला. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, २००९ साली, एका हौशी माणसाने घरातल्या एकाच दोन-गाभ्यांच्या संगणकावर ७३ दिवसांत ५१२ बिटांची, म्हणजे तेवढ्याच आकाराची, संख्या फोडली; ती एका गणकयंत्राच्या प्रणालीवर सही करण्याची किल्ली होती.

या हौशी मंडळींचे रोजचे काम मात्र अशा विजयांचे नसते. हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांनी १९८५ च्या सुमारास शोधलेली ‘इलिप्टिक कर्व्ह’ पद्धती त्यांच्या विशेष आवडीची, कारण तिला मोठी स्मृती लागत नाही आणि प्रत्येक वक्र हा स्वतंत्र प्रयत्न असतो. पावसाळ्यात वेल्ह्याकडे वीज गेली, तर फार तर चालू वक्र वाया जाईल, आधीचे सर्व जमेस राहतात. संख्येत ४० अंकी अवयव दडला असेल अशी शंका असेल, तर तीस लाखांची मर्यादा घालून सुमारे २३५० वक्र चालवावे असा या क्षेत्रात संकेत आहे, आणि तेवढे करूनही तो अवयव निसटण्याची शक्यता शेकडा सुमारे ३७ उरतेच. पंखा घरघरतो, पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात, आणि शेकडो वक्रांतून काहीही निघत नाही. तरीही कोणत्या संख्येवर कोणत्या मर्यादेचे किती वक्र निष्फळ गेले याची नोंद सामायिक कोष्टकात काळजीपूर्वक केली जाते, म्हणजे दुसऱ्या कोणी ती संख्या हाती घेतली, तर लहान अवयवाची आशा सोडून थेट चाळण लावायची की अजून मोठी मर्यादा घालून पाहायची, याचा निर्णय त्याला त्या आकड्यावरून करता येतो.