वनभ्रमण : संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली

मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे १०४ चौ. किमी. डोंगराळ अभयवनातील पायी भटकंती व निसर्गशिबिरे. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेला. ठाण्याकडून येऊरची वाट, तर नागला खंड वसईच्या खाडीपलीकडे आहे.

भूमी व वनश्री : टेकड्या अग्निजन्य खडकाच्या असून जांभूळमाळ हा माथा साडेचारशे मीटरांहून उंच आहे. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे जलाशय याच डोंगरांत असून आजही मुंबईला पाणी पुरवतात. दहिसर नदीही इथलीच. साग, पळस, काटेसावर, पांगारा व मोई ही इथली ओळखीची झाडे. उतारांवरची कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. एरवी खरखरीत पानांचे हे झुडूप तेव्हा जांभळ्या फुलांनी झाकून जाते. बी धरले की ते वाळते. त्याच्या काठ्यांच्या कुडाला माती लिंपून वारली आदिवासींच्या घरांच्या भिंती उभ्या राहतात.

जुनी वस्ती : कान्हेरीची शंभरांहून अधिक बौद्ध लेणी हे या जंगलातल्या दीर्घ मुक्कामाचे जुने उदाहरण. भिक्षूंनी डोंगरउतारावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी विहारांशेजारच्या पोढ्यांत, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांत, साठवले. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्यांवर उभे राहिले की पाण्याचा तो प्रवास डोळ्यांनी पाहता येतो.

वन्यजीव : चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर आणि बिबट्या. २०१५ च्या कॅमेरा-ट्रॅप अभ्यासात उद्यान व लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले. वारली पाड्यांवर वाघोबा देव म्हणून पूजला जातो. आफ्रिकेतील नैरोबी राष्ट्रीय उद्यानही महानगराला खेटून आहे, पण तिथले सिंह व गेंडे प्रामुख्याने गाडीतून पाहतात. बोरिवलीचे जंगल पायी वाचता येते. ओल्या मातीतला नखांचे वण नसलेला गोल ठसा, झाडावर ओढलेले ओरखडे किंवा भेकराचे अचानक भुंकणे यांतून बिबट्याचा माग लागतो.

भ्रमण व मुक्काम : शिलोंडा ही ओढ्याकाठची लोकप्रिय वाट, नागल्याची वाट खाडीकाठाकडे नेते. वनखात्याची परवानगी व माहीतगार वाटाड्या घेऊनच अशा वाटांवर जावे. जंगलात मनमानी तंबू ठोकणे व शेकोटी पेटवणे निषिद्ध आहे. शिबिरे ठरलेल्या जागी, देखरेखीखालीच होतात. गोरेगावच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा उत्तम काळ. पावसाळ्यात ओढे क्षणात फुगतात. दिवसा माणूस ज्या पायवाटेने जातो, तीच अंधारात बिबट्याची असते. म्हणून सूर्यास्तापूर्वी, पाण्यात व रानात काही न टाकता, माघारी फिरणे हा इथल्या भटकंतीचा पहिला नियम आहे.